मोठ्या शहरात भाड्याचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी लागली, प्रवेश मिळाला किंवा बदली झाली की पहिला आनंद ओसरायच्या आत घराचा प्रश्न उभा राहतो. शहर कुठलंही असो, घरं कमी आणि मागणारे जास्त असले की शोधणाऱ्याची जी धावपळ होते, ती सगळीकडे सारखीच. अनेक वर्षं घर शोधणाऱ्यांना मदत करताना जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. अशा बाजारात पटकन हो म्हणता आलं पाहिजे, आणि ते जमतं घर शोधायच्या आधी केलेल्या तयारीमुळे. तपासणी गाळून वाचवलेला वेळ पुढे फार महागात पडतो.

सकाळी आलेल्या जाहिरातीतलं घर दुपारी फोन केला तर गेलेलं असतं. असं कसं?

याचं एक कारण म्हणजे रिकामी घरंच मोजकी असतात. नवी इमारत उभी राहायला काही वर्षं जातात, पण शहरात येणारी माणसं दर महिन्याला येत राहतात. त्यात जुन्या, कमी भाड्यात राहणारे लोक जागा सोडत नाहीत, कारण बाहेर पडलं तर तेवढ्या पैशांत तसं घर पुन्हा मिळणार नाही हे त्यांना माहीत असतं. त्यामुळे बाजारात फिरणारी घरं आणखी कमी होतात. स्टॉकहोममध्ये नियंत्रित भाड्याच्या घरांसाठी अधिकृत रांग आहे आणि तिच्यात नंबर लागायला लोक कित्येक वर्षं थांबतात.

दुसरं कारण घरमालकाच्या बाजूचं आहे. त्याला सगळ्यांत चांगला भाडेकरू शोधत बसायचं नसतं, त्याला काळजी मिटवायची असते. कागद पूर्ण असलेला, भाडं झेपेल असं दिसणारा पहिला माणूस समोर आला की तो शोध थांबवतो. शिवाय बरीचशी घरं जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. एजंटकडे आधीच विचारून ठेवलेल्यांची यादी असते, सोडून जाणारा भाडेकरू मित्राला सांगतो, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतो. म्हणून ज्या भागात राहायचं आहे, तिथल्या दोन-तीन एजंटना आणि ओळखीच्या प्रत्येकाला बजेट, तारीख आणि माणसं किती, हे स्पष्ट सांगून ठेवा. ‘चांगलं काही असलं तर कळवा’ एवढ्यावर कोणाच्या लक्षात तुम्ही राहत नाही.

शोध किती आधी सुरू करावा?

तिथली नोटिशीची मुदत किती आहे त्यावर हे ठरतं. भाडेकरूला दोन-तीन महिने आधी नोटीस द्यावी लागत असेल, तर घरंही तेवढी आधी बाजारात येतात. नोटीस एक महिन्याची असेल, तर तीन महिने आधी फोन करून काही उपयोग नाही. विद्यापीठं सुरू व्हायच्या आसपास गर्दी सर्वांत जास्त असते. तारीख तुमच्या हातात असेल, तर तो काळ टाळा. आडमोसमात घरं कमी दिसतील, पण मागणारेही कमी असतात आणि मालक बोलायला तयार असतो.

भाड्यावर पगाराचा किती भाग जावा?

तीस टक्क्यांचा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या धोरणात आहे. 1969 मध्ये तिथे भाडेकरूच्या वाट्याला उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि 1981 मध्ये ती 30 टक्क्यांवर नेली. न्यूयॉर्कमध्ये मालक वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट मागतात. हिशोब करून बघा, बारा भागिले चाळीस म्हणजे तेच तीस टक्के.

पण हा आकडा कर वगैरे कापण्याआधीच्या उत्पन्नावर काढलेला असतो. तुमचं पोट हातात येणाऱ्या पगारावर चालतं, तेव्हा गणित त्यावरच मांडा. माझ्या मते भाडं, वीज, पाणी, मेंटेनन्स आणि जाण्यायेण्याचा खर्च असा एकच आकडा काढावा आणि दोन घरांची तुलना त्या आकड्यावर करावी. लांबचं स्वस्त घर रोजच्या प्रवासात किती महाग पडतं, ते तेव्हाच कळतं. जाहिरातीतल्या भाड्यात काय धरलंय हेही विचारा. जर्मनीत ‘काल्ट’ भाडं म्हणजे नुसती जागा आणि ‘वार्म’ म्हणजे हीटिंग आणि इमारतीचे इतर खर्च धरून. दोन्हीत चांगलाच फरक असतो.

आणि पहिल्या महिन्याची एकरकमी रक्कम वेगळी ठेवा. डिपॉझिट, पहिलं भाडं, एजंटची फी, सामानाची ने-आण, हे सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं.

कागदपत्रं कोणती तयार ठेवू?

ओळखपत्र, नोकरीचं पत्र, मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाचं भाडं वेळेवर मिळाल्याचं पत्र आणि जिथे चालतो तिथे क्रेडिट रिपोर्ट. बर्लिनमध्ये ‘शूफा’ या क्रेडिट संस्थेचा रिपोर्ट नसेल, तर अर्ज बऱ्याचदा बाजूलाच पडतो. हे सगळं एकाच पीडीएफमध्ये, सरळ स्कॅन केलेलं, फाइलला स्वतःचं नाव दिलेलं असावं. घर बघून बाहेर पडल्या पडल्या जिन्यातूनच पाठवता आलं पाहिजे. घरी जाऊन शोधाशोध करणाऱ्याचा नंबर तेवढ्यात मागे जातो.

मागतील ते सगळं देऊ मात्र नका. फ्रान्समध्ये मालक कोणते कागद मागू शकतो याची यादीच 2015 च्या आदेशाने ठरवून दिली आहे आणि बँकेचं स्टेटमेंट तिच्यात बसत नाही. तिथे अर्जाची फाइल तपासून देणारी ‘दोसिए फासिल’ ही सरकारी सेवाही मोफत आहे. तुमच्या शहरात असा नियम नसला, तरी ओळखपत्राच्या प्रतीवर ‘फक्त भाडे अर्जासाठी’ आणि तारीख असं आडवं लिहून द्या. घर बघण्याआधीच कोणी पासपोर्टची प्रत किंवा ओटीपी मागत असेल, तर तिथून निघा.

पहिला मेसेजही आधीच लिहून ठेवा. ‘घर उपलब्ध आहे का?’ असे शेकडो मेसेज येतात, त्यांना उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: ‘नमस्कार. आम्ही दोघं, दोघंही नोकरीत. पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून किमान दोन वर्षांसाठी घर हवं आहे. पाळीव प्राणी नाहीत. कागदपत्रं तयार आहेत. उद्या संध्याकाळी सहानंतर किंवा शनिवारी कधीही बघायला येऊ शकतो.’ मालकाच्या मनातले पाच-सहा प्रश्न यात सुटतात.

शहरात नवीन आहे. क्रेडिट रिपोर्ट नाही, आधीचा घरमालकही नाही. कोण घर देणार?

अडचण खरी आहे, पण वाटा आहेत. कंपनीकडून पगार आणि नोकरीचा कालावधी लिहिलेलं पत्र घ्या. मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठं असं पत्र नेहमी देतात, फक्त मागावं लागतं. जामीन चालत असेल, तर तो कोण राहील हे आधीच ठरवा, आणि त्या माणसाला जबाबदारी किती मोठी आहे ते नीट समजावून सांगा. तुमचं थकलेलं भाडं त्याच्याकडून वसूल होऊ शकतं. जपानमध्ये हे काम बऱ्याचदा फी घेणाऱ्या जामीन कंपन्या करतात. फ्रान्समध्ये तिशीपर्यंतच्या तरुणांना ‘विझाल’ ही मोफत हमी मिळू शकते.

तरीही जमलं नाही, तर पहिले एक-दोन महिने वसतिगृह, पेइंग गेस्ट किंवा कोणाच्या घरातली एक खोली घ्या आणि तिथे राहून शोधा. शहरात हजर असलेल्या माणसाला घर लवकर मिळतं. एक मात्र करू नका. वर्षाचं भाडं आगाऊ देऊन विश्वास विकत घेऊ नका. पैसे एकदा गेले की घरात गळती असो की लिफ्ट बंद असो, मालकाला घाई करायचं कारण उरत नाही.

घर बघायला दहाच मिनिटं मिळतात, मागे लोक रांगेत असतात. तेवढ्यात काय बघायचं?

सजावट बघू नका, पाणी बघा. आत गेल्यावर आधी स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला नळ एकाच वेळी सोडा, म्हणजे दाब किती ते कळतं. फ्लश करा. मग सिंकखालचं कपाट उघडून मागच्या भिंतीवर तळहात ठेवा. गळती असेल, तर तिथला प्लायवूड फुगलेला आणि गार लागतो, कुबट वास येतो, आणि त्यावर नुकताच रंग मारला असला तरी कोपऱ्यात पोपडे दिसतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचं मागचं अंगही असंच तपासा. एखाद्याच भिंतीला ताजा रंग असेल, तर सरळ विचारा, ‘इथे काय झालं होतं?’ उत्तर देताना समोरचा जरा घुटमळला, तर त्याची नोंद घ्या.

खिडक्या उघडून बंद करून बघा आणि बंद असताना आवाज किती येतो ते ऐका. मोबाईलची रेंज आतल्या खोलीत तपासा. चार्जर जवळ ठेवा, सॉकेटला लावून बघायला अर्धा मिनिट लागतो. लिफ्ट, जिन्यातले दिवे, कचऱ्याची जागा आणि मीटरचा बोर्ड हे इमारतीकडे कोणाचं लक्ष आहे का ते सांगतात.

शक्य असेल तर निघताना शेजाऱ्याचं दार वाजवा. ‘पाणी किती वेळ येतं आणि आधीचे लोक का गेले?’ एवढंच विचारायचं. आजवर मला सर्वांत खरी माहिती या दोन प्रश्नांतून मिळाली आहे. आणि घर पक्कं करायच्या आधी रात्री एकदा त्या रस्त्यावरून चालून या. एकट्या राहणाऱ्या मुलींना मी हे आग्रहाने सांगते.

घर न बघता घेणं कितपत सुरक्षित? फसवणूक कशी ओळखावी?

न बघता पैसे पाठवू नका. स्वतः जाता येत नसेल तर ओळखीच्या कोणाला तरी पाठवा, आणि तेही नसेल तर थेट व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालणार नाही. कॉल सुरू असताना ‘आता खिडकीतून खालचा रस्ता दाखवा, आता मीटर दाखवा’ असं सांगायचं.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. भाडं आजूबाजूच्यापेक्षा बरंच कमी, फोटो फारच देखणे, मालक परदेशात, चावी कुरिअरने येणार आणि ‘आणखी तिघं थांबलेत, आजच टोकन पाठवा’. फोटो चोरलेले असतात. फोटोवरून शोध घेतला की तेच घर दुसऱ्या नावाने किंवा विक्रीच्या जाहिरातीत सापडतं. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा आहे, कारण त्यात घर खरं असतं आणि माणूस खोटा. थोड्या दिवसांसाठी जागा घेतलेला माणूस मालक असल्याचं भासवून ती पाच जणांना दाखवतो आणि पाचही जणांकडून डिपॉझिट घेतो.

यावर उपाय एकच, मालकी तपासणं. इंग्लंडमध्ये भूमी नोंदणी कार्यालयातून मालकीचा उतारा कोणालाही थोड्या फीमध्ये मिळतो. महाराष्ट्रात इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, ऑनलाइन बघता येतो. इतरत्र मालमत्ता कराची पावती आणि ओळखपत्रावरचं नाव जुळवा, आणि पैसे त्याच नावाच्या बँक खात्यात भरा. दक्षिण कोरियातल्या ‘जॉन्से’ पद्धतीत दरमहा भाड्याऐवजी प्रचंड मोठी ठेव देतात. तिथे अलीकडच्या वर्षांत फसवणुकीची असंख्य प्रकरणं झाली आणि तरुणांची आयुष्यभराची बचत अडकली. त्यामुळे तिथे घरावर कर्ज किती आहे हे नोंदणीत पाहिल्याशिवाय सही करणं फार धोक्याचं आहे.

‘आजच ठरवा’ हा दबाव खऱ्या बाजारातही असतो, हे मान्य. पण खरा मालक तासाभरात नाव तपासू देतो.

सांगितलेल्यापेक्षा जास्त भाडं देऊ केलं तर घर मिळेल का?

कधीकधी मिळतं. पण ते जास्तीचे पैसे तुम्ही दर महिन्याला देणार आहात आणि पुढची वाढही त्याच आकड्यावर लागणार आहे. काही देशांनी ही बोली थांबवली आहे. न्यूझीलंडमध्ये 2021 पासून मालकाला भाडेकरूंकडून बोली मागवता येत नाही. इंग्लंडच्या 2025 च्या कायद्यातही जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त घेण्यावर बंदी आहे.

पैशांऐवजी दुसरं काही देता येतं का ते बघा. मालकाला सोयीची तारीख, एकाऐवजी दोन वर्षांचा करार, किरकोळ रंगकाम स्वतः करून घेण्याची तयारी. घर रिकामं राहिलं की मालकाचं महिन्याचं भाडं बुडतं, म्हणून लगेच राहायला येणारा माणूस त्याला खरोखर स्वस्त पडतो.

एजंटची फी कोणी द्यायची?

जर्मनीत 2015 पासून ज्याने एजंट नेमला त्याने. न्यूयॉर्क शहरात जून 2025 पासून जवळपास तसंच. इंग्लंडमध्ये 2019 च्या कायद्याने भाडेकरूकडून अशी फी घेणंच बंद केलं. जिथे नियम नाही तिथे घर बघण्याआधी आकडा ठरवा आणि मेसेजवर लिहून घ्या. नुसतं घर दाखवण्याचे पैसे देऊ नका.

डिपॉझिट किती योग्य?

याचं उत्तर शहरागणिक बदलतं. इंग्लंडमध्ये बहुतेक घरांसाठी कमाल पाच आठवड्यांचं भाडं, आणि ते मालकाने 30 दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करायचं असतं. न्यूयॉर्क राज्यात 2019 पासून एक महिना. जर्मनीत तीन महिन्यांचं ‘काल्ट’ भाडं, तेही तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात नुकसानीसाठी डिपॉझिट घेताच येत नाही, शेवटच्या महिन्याचं भाडं तेवढं आगाऊ घेता येतं. भारतात 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण राज्याने तो स्वीकारला तरच ती लागू होते.

रक्कम काहीही असो, ती बँकेतून द्या आणि ‘डिपॉझिट’ असं लिहूनच द्या. रोख दिलेल्या डिपॉझिटसाठी भांडताना हातात काहीच नसतं. जपानमध्ये घर घेताना मालकाला द्यायची ‘रेइकिन’ ही रक्कम मात्र परत मिळतच नाही. म्हणून प्रत्येक रकमेपुढे ‘परत मिळणार की नाही’ हे विचारून घ्या.

करारात काय काय वाचायचं?

सगळा करार वाचा, आणि सही करायच्या आदल्या दिवशी प्रत मागून वाचा. पेन हातात घेऊन, समोर मालक बसलेला असताना वाचणं होत नाही. सर्वांत आधी बाहेर पडायचा रस्ता शोधा. लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा आहे, तो दोन्ही बाजूंना लागू आहे का, नोटीस किती दिवसांची आणि मध्येच नोकरी गेली तर काय. ‘भाडेकरूने सोडल्यास डिपॉझिट जप्त, मालकाने काढल्यास महिन्याची नोटीस’ असं एकतर्फी कलम असेल, तर ते बदलून मागा. बरेच मालक बदलतात, कारण करार त्यांनी कुठूनतरी उचललेला असतो.

मग भाडेवाढ किती आणि कधी. दुरुस्ती कोणाची: नळाचा वॉशर तुमचा, पण पाइप, गीझर आणि छताची गळती मालकाची, हे लिहिलेलं असावं. मालकाने घरात यायच्या आधी किती तास कळवायचं हेही हवं. तोंडी कबूल केलेलं सगळं, म्हणजे ‘फ्रीज ठेवतो’, ‘रंग लावून देतो’, करारात आणा. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ‘नोंदणी कशाला, उगाच खर्च’ असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

मित्रांसोबत घर घेतोय. काय काळजी घ्यावी?

एकच करार सगळ्यांच्या नावावर असेल, तर बहुतेक ठिकाणी प्रत्येक जण पूर्ण भाड्याला जबाबदार असतो. एक जण निघून गेला की त्याचा हिस्सा उरलेल्यांवर येतो. कोणी आधी सोडल्यास बदली माणूस कोणी शोधायचा आणि डिपॉझिट कसं वाटायचं, हे आपापसांत एका पानावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. मैत्री घट्ट आहे तेव्हाच हे करणं सोपं असतं.

आडनाव, धर्म, एकटी बाई किंवा लहान मूल यांमुळे घर नाकारलं. काही करता येतं का?

आधी हे सांगते की यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. फोनवर ‘घर आहे’ म्हणणारा माणूस नाव ऐकून ‘आत्ताच गेलं’ म्हणतो, तेव्हा जी बोच लागते ती खरी आहे, आणि या बाजारातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच आहे. अमेरिकेत 1968 च्या कायद्याने वंश, धर्म, मूळ देश अशा कारणांवरून घर नाकारणं बेकायदा ठरवलं. पुढे त्यात स्त्री-पुरुष भेद, अपंगत्व आणि मुलं असलेली कुटुंबंही आली. जिथे असा कायदा आहे तिथे मेसेज जपून ठेवा आणि ‘घर का दिलं नाही’ हे लेखी विचारा. तुमच्या मित्राने वेगळ्या नावाने फोन केल्यावर तेच घर रिकामं निघालं, तर त्याचीही तारीख-वेळ नोंदवा. तक्रारीत अशा नोंदींना वजन असतं. जिथे कायदा तोकडा आहे तिथे एजंटला पहिल्याच फोनवर स्वतःबद्दल सांगून ‘या मालकांना चालणार असेल तरच दाखवा’ म्हणा. हे सांगावं लागणं अन्यायाचंच आहे, पण त्यामुळे दारात जाऊन होणारा अपमान आणि फुकट जाणारे दिवस वाचतात.

चावी मिळाली. आता लगेच काय करू?

सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, ओट्यावरचे ओरखडे, फुटलेली टाइल, बाथरूममधला गंज, सगळं जवळून. वीज आणि गॅसच्या मीटरचे आकडे वाचता येतील असा फोटो घ्या. त्याच दिवशी हे सगळं मालकाला ईमेलने पाठवा आणि खाली दोषांची यादी लिहा. उत्तर आलं नाही तरी तारखेसकट पुरावा झाला. कुलूप बदलायची परवानगी मागा, जुन्या चाव्या कोणाकोणाकडे आहेत ते कोणालाच ठाऊक नसतं.

घर सोडताना डिपॉझिट पूर्ण परत कसं मिळवायचं?

नोटीस लेखी द्या आणि ती मिळाल्याची पोच घ्या. शेवटच्या आठवड्यात मालकाला बोलावून पहिल्या दिवशीच्या यादीसह घर एकत्र बघा. जे दुरुस्त करायचं असेल ते तुमच्या हातात घर असतानाच करून घेतलं तर स्वस्तात होतं. वापराने फिका झालेला रंग किंवा पायाखाली झिजलेली फरशी म्हणजे नुकसान नव्हे. त्याचे पैसे कापले तर कुठल्या कामाचे किती, हे बिलासकट मागा. न्यूयॉर्क राज्यात मालकाने 14 दिवसांत डिपॉझिट परत करताना कपातीचा तपशील द्यावाच लागतो, नाहीतर पैसे कापायचा हक्क तो गमावतो. तुमच्याकडे अशी मुदत कायद्यात नसेल, तर ती करारातच लिहून घ्या, आणि चावी देताना मीटरचे आकडे, चाव्या किती दिल्या आणि डिपॉझिट कोणत्या तारखेपर्यंत येणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.